पेटीला आतून एक हात

शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. एक अक्षर जरी पदरचं घातलं असेल ना, तर माझी कवळी आत्ताच्या आत्ता निखळून चहाच्या कपात पडो. पडली? नाही ना? मग आता मध्ये कुणी बोलायचं नाही.

तर एक होता गळतीवाला. लोकांच्या घरातली गळती शोधायची, भिंतीतली ओल काढायची, गच्चीला वॉटरप्रूफिंगचा हात मारायचा, हा त्याचा धंदा. नाक असं, की घरात पाऊल टाकलं की मान वर करून दोनदा हुंगायचा आणि सांगायचा, "न्हाणीघराच्या मागची भिंत. कमरेएवढ्या उंचीवर." फोडून बघावं तर पाइप तिथंच फुटलेला. एकदा तर त्यानं फोनवरून ओल ओळखली. पलीकडची बाई नुसतं "हॅलो" म्हणाली, आणि हा म्हणाला, "बाई, तुमच्या स्वयंपाकघराचं छत गळतंय." बाईंनी वर बघितलं आणि टपकन थेंब डोळ्यात!

आता अशा माणसाला थोडी गुर्मी येणारच. पाणी म्हणजे आपला वैरी आणि आपण त्याचे बाप, असं त्याचं एकंदर. कुठेही कोरं लाकूड, कोरी भिंत, कोरा दगड दिसला की याचा हात शिवशिवायला लागायचा. घरातल्या दाराच्या चौकटी झाल्या, पाट झाले, बायकोचे लाकडी चमचेसुद्धा झाले. बायको म्हणायची, "मला तेवढं सोडा. मी अजून कुठून गळत नाही."

त्याचा सासरा होता दारवान. शहरातल्या बड्या हॉटेलाच्या काचेच्या दाराशी उभं राहून जन्म गेला माणसाचा. उंच, ताठ, आणि मिशी तर अशी, की पावसात आलेले पाहुणे घाईघाईत ओल्या छत्र्या तिच्या टोकांना अडकवून आत जायचे. एकेका बाजूला दोन दोन. हसू नका. सांगितलं ना, खरं आहे म्हणून.

हॉटेल सोडून जाताना काही शौकीन पाहुणे त्याच्या वरच्या खिशात एखादी सिगार सरकवायचे. दारवानानं त्यातली एकही कधी ओढली नाही. कामावर ओढायला मनाई मॅनेजरची, घरी ओढायला मनाई बायकोची. पण सांभाळल्या सगळ्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. दर रविवारी डबा उघडायचा, एक सिगार नाकाखाली धरायची, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचं. "ही त्या गाणाऱ्या बाईची. आवाज बसला म्हणून रडत गाडीतून उतरली होती. ही त्या विमान चालवणाऱ्याची. त्याला लिफ्टची भीती वाटायची, सहा मजले जिने चढून जायचा." सिगार परत डब्यात, झाकण बंद. ओढणाऱ्याला जेवढं सुख मिळालं नसेल तेवढं हा नुसतं हुंगून मिळवायचा.

आणि इतकी वर्षं त्या सिगारी वाळल्या कशा नाहीत? दारवानाला वाटायचं, डबाच गुणाचा आहे. डबा कसला गुणाचा! सासूबाई दर सोमवारी स्पंजचा छोटा तुकडा ओला करून, पिळून, बटणांच्या डबीच्या झाकणात घालून आत ठेवायच्या. ओल अजिबात नसली की सिगारीची पानं वाळून कडकड मोडतात, आणि जास्त झाली की बुरशी धरतात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कापडाला लागतं तसंच पानाला लागत असणार, एवढाच हिशेब.

कारण सासूबाई होत्या शिवणकाम करणाऱ्या. समोरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन, गळ्यात टेप. पण टेप आपली शोभेला. माणसाचं माप एकदा घेतलं की ते डोक्यात गेलं, पुन्हा घ्यायला नको, लिहायला नको. तिशीत माप दिलेला माणूस पन्नाशीत दारात उभा राहिला की त्या चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "पोट सुटलंय. खांदा आहे तोच आहे. उजवा हात अजून डाव्यापेक्षा बोटभर लांब." माणूस चाट पडायचा. बायकोलासुद्धा माहीत नसलेलं या बाईला माहीत!

पण त्या साली जरा कुणकुण लागली होती. एकदा दूध ठेवलं आणि विसरल्या, भांडं जळून कोळसा. एकदा लेकीला बहिणीच्या नावानं हाक मारली. एवढंच. पण घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती. तुम्हाला माहीत आहे ते बघणं कसं असतं. आणि ज्याच्याबद्दल असतं त्याला ते सगळ्यात आधी कळतं.

तर दारवानाचा वाढदिवस आला. लेकीनं, म्हणजे गळतीवाल्याच्या बायकोनं, एका दुकानातून बाबांसाठी सिगारी ठेवायची खरीखुरी पेटी आणली. बाहेरून आरशासारखी चकचकीत, आतून सुवासिक सीडरचं लाकूड, झाकणाला आतल्या बाजूनं ओलावा दाखवणारं छोटं काट्याचं घड्याळ, आणि एका कोपऱ्यात पाणी धरून ठेवणारा स्पंज. तिनं नवऱ्याला बजावलं, "अहो, यात सिगारी लगेच ठेवायच्या नाहीत म्हणे. आत लाकूड कोरं आहे. दुकानदार म्हणाला, आधी पेटी तयार करून घ्यावी लागते. कशी ते या कागदात दिलंय. वाचा आणि तुम्हीच करा. पाण्याचं काम आहे."

"पाण्याचं काम मला कागद शिकवणार?"

"वाचा हो जरा!"

"वाचतो गं बाई."

कुठला वाचतोय! कागद गेला खोक्याबरोबर कचऱ्यात. गळतीवाल्यानं झाकण उघडून बघितलं तर बाहेर एवढं पॉलिश आणि आत उघडं लाकूड. त्याला सुताराची कीव आली. बिचाऱ्यानं काम अर्धवट टाकलं! एवीतेवी सासऱ्याच्या गॅलरीची गळती काढायला तो रोज जातच होता, सामान तिथंच होतं, पेटीही तिथंच नेली. दारवान फिरायला गेलेला, सासूबाई आत मशीनवर, खडखड खडखड. यानं गॅलरीत बसून छोटा ब्रश घेतला आणि पेटीला आतून एक हात मारला. वॉटरप्रूफिंगचा. पाण्यासारखा पारदर्शक, एक नंबर माल. वाळल्यावर दुसरा मारला. कोपरे सोडले नाहीत. झाकणाची आतली बाजूसुद्धा केली.

सासूबाईंनी मशीन थांबवून हाक मारली, "जावईबापू, चहा ठेवू का?"

"ठेवा आई! आलोच."

सुकलेली पेटी सासूबाईंनीच कपड्यांच्या कपाटात लपवून ठेवली, दारवानाला दिसू नये म्हणून. वाढदिवसाला ती बाहेर निघाली. दारवानानं पेटी उघडली, हुंगली, म्हणाला, "वास येतोय जरा."

"नव्याचा वास आहे बाबा," गळतीवाला म्हणाला. "जाईल चार दिवसांत."

दारवानानं एक एक सिगार नाव घेऊन पेटीत ठेवली. स्पंजात पाणी भरलं. पत्र्याचा डबा गेला माळ्यावर.

पुढच्या रविवारी पेटीचं उद्‌घाटन. दारवानाचा हॉटेलातला जुना मित्र लिफ्टवाला मुद्दाम आला होता. जन्मभर लोकांना वर-खाली नेऊन त्याची जीभ भलतीच चालायची. "उघडा उघडा, राजेसाहेबांचा खजिना उघडा!" लेक होती, जावई होता, सासूबाई ट्रेमधून चहा-बिस्किटं घेऊन आल्या. दारवानानं मिशीला पीळ दिला आणि झाकण उचललं.

गळतीवाल्याच्या नाकाला ते सगळ्यात आधी समजलं. नवी टाकी उघडल्यावर येतो ना, तो वास. लाकडाचा नाही, पानाचा नाही. त्याच्या स्वतःच्या डब्याचा वास. आत बघितलं तर भिंतींवर घामासारखे थेंब. पाणी प्यायला लाकूडच उरलं नव्हतं, ते बिचारं जाणार कुठे? वरच्या सिगारींवर ओघळ आले होते.

दारवानानं गाणाऱ्या बाईची सिगार नाकाशी नेली. डोळे मिटले. मग उघडले. गोष्ट काही सुरू झाली नाही.

"हे काय झालं?" तो हळूच म्हणाला. मग बायकोकडे वळला. "अगं, तू काही पुसलंस का यात? फिनाइल वगैरे?"

आता सासूबाईंना घरातलं दिसेल ते पुसायची सवय होतीच. एकदा त्यांनी दारवानाच्या बिल्ल्यावरची अक्षरंही पुसून काढली होती. लिफ्टवाला लगेच म्हणाला, "वहिनींनी सिगारींना आंघोळ घातली वाटतं! साबण कुठला लावलात वहिनी?" लेक हसली. सगळे हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. ट्रे हातात तसाच. "मी? नाही हो... मी कशाला..." आणि मग आवाज एकदम बारीक झाला. "कपाटात होती खरी आठवडाभर. पुसली का मी?"

लेकीचं हसू थांबलं. तिनं बाबांकडे बघितलं. बाबांनी तिच्याकडे. तेच ते बघणं.

गळतीवाल्यानं तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. "ते मी" एवढे दोन शब्द जिभेवर आलेले. पण समोर लिफ्टवाला बसलेला, त्याची जीभ तयार. सासरा, ज्याच्यापुढे इतकी वर्षं आपण पाण्यातले पंडित. आणि बायको, जिनं दोनदा सांगितलेलं, कागद वाचा. उघडलेल्या तोंडात त्यानं बिस्कीट घातलं. अख्खं. चावेपर्यंत विषय पुढे गेला होता.

"असू दे गं," दारवान म्हणाला. "होतं असं वयात."

हे तो प्रेमानं म्हणाला, आणि तेच वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी गळतीवाल्यानं दुकानदाराला फोन लावला. आपलं नाव न सांगता. "एका ओळखीच्यानं," म्हणाला, "पेटीला आतून वॉटरप्रूफिंग केलंय."

दुकानदार इतका हसला की त्याला फोन खाली ठेवून पाणी प्यावं लागलं. "आतून? अहो, त्या लाकडानं पाणी प्यायचं असतं! पोटभर प्यायचं आणि मग सिगारींना थोडं थोडं द्यायचं. तुमच्या ओळखीच्यानं माशाला रेनकोट घातला की! कोण आहे हा महाभाग?"

"आहे एक," गळतीवाला म्हणाला.

मग दुकानदारानं समजावलं. सगळा लेप घासून काढा, कोरं लाकूड दिसेपर्यंत. वारा लागू द्या. मग बशीत स्पंज ठेवून आत सोडा, लाकडाला सावकाश पिऊ द्या. पाणी नळाचं नाही, गाडीच्या बॅटरीत घालतात तसलं डिस्टिल्ड. आधी ते घड्याळ खरं बोलतं का ते तपासा. बाटलीच्या बुचात ओलसर मीठ घ्या, घड्याळासकट पिशवीत घट्ट बंद करून एक दिवस ठेवा. पंचाहत्तर दाखवलं तर घड्याळ खरं. पेटीत काटा सत्तरच्या जरा खाली थांबला की समजा झालं. "आणि घाई नको," तो म्हणाला. "घाई केली की लाकूड वाकडं होतं."

गळतीवाला सासऱ्याकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, पेटी माझ्याकडे द्या. मी बघतो काही होतंय का." झालं! दारवानाचा ऊर भरून आला. लिफ्टवाल्याला फोन करून सांगितलं, "जावई बघ कसा आहे. सासूनं बिघडवलेलं निस्तरतोय, एका शब्दानं बोलला नाही."

खरंच होतं ते. एका शब्दानं बोलला नव्हता.

सिगारी पुन्हा पत्र्याच्या डब्यात गेल्या, झाकण किलकिलं ठेवून, वास उडायला. आणि गळतीवाला आपल्या कामाच्या खोलीत बसून स्वतःचाच माल घासायला लागला. ज्या मालाची तो दहा वर्षांची हमी द्यायचा तो माल! निघतोय कसला! पॉलिश कागद झिजले, नखं झिजली. बोटांची सालं निघाली तेव्हा कुठे लाकडाचा खरा रंग दिसला. घासताना त्याला सारखे सासूबाईंचे हात दिसायचे, ट्रे धरलेले. लेपाखालचं लाकूड गुलाबी, कोवळं होतं. त्याच्याकडे बघायलासुद्धा त्याला लाज वाटायची. जन्मभर ज्या ओलीला हाकललं तिला आता तो बशीतून आमंत्रण देत होता, ये बाई, बस, घर तुझंच आहे. आणि ती काही येईना. काटा आपला तळाशी चिकटलेला.

बायको डोकावून म्हणाली, "एवढं मन लावून आपल्या घरचा नळ कधी दुरुस्त केला नाहीत." आणि मग, दाराला टेकून, "आईचं काहीतरी करायला हवं हो. काल तिनं माझ्या पोलक्याची बाही दोनदा मोजली. माझी! जन्मापासून शिवतेय ती माझं. मोजली, चिठ्ठीवर लिहिली, आणि चिठ्ठी मशीनला टाचून ठेवली. मला विचारते, बरोबर लिहिलंय ना गं?"

गळतीवाला बशीतला स्पंज सरळ करत बसला. आधीच सरळ असलेला.

तो गॅलरीचं काम संपवायला गेला तेव्हा सासूबाईंना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मशीनच्या चारी बाजूंना चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, जणू मशीनला पिसं फुटलीत. गॅसवर भांडं ठेवलं की त्या तिथंच उभ्या राहायच्या, दूध तापेपर्यंत हलायच्या नाहीत. किल्ल्यांचा जुडगा लेकीला देऊन टाकला होता. यानं गॅलरीतून आत यावं तर त्या स्टुलावर बसलेल्या, हात मांडीवर.

"जावईबापू, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना आई."

"त्या पेटीला मी... तुम्ही होतात ना त्या आठवड्यात रोज इथं? मी पुसताना तुम्ही बघितलं का? मला तर काहीच आठवत नाही. दूध जळलं ते आठवतं, विसरले होते हेसुद्धा आठवतं. पण हे आठवतच नाही. म्हणजे जणू झालंच नाही." त्यांनी वर बघितलं. "कुणी बघितलं असलं ना, तर मला जरा बरं वाटेल. निदान झालं होतं एवढं तरी कळेल."

आता सांगा, यापेक्षा मोठं दार उघडून कुणी कुणाला देतं का? नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. बाईला बरं वाटायला हवंय, गळतीवाल्यानं स्वतःला सांगितलं. बाई स्वतःच विचारतेय, तिला बरं वाटावं म्हणून. माणूस स्वतःला फसवायला लागला ना, की किती हुशार होतो!

"हो आई," तो म्हणाला. "जरासा हात फिरवलात. फडक्यानं. काही नाही एवढं."

सासूबाईंनी मान हलवली. हळूहळू. "असं होय," म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत."

आणि उठून त्याच्यासाठी चहा ठेवला. गॅसपाशी उभ्या राहून. त्या चहाचा प्रत्येक घोट त्याला खिळ्यासारखा गेला. घरी जाऊन तो जेवला नाही, आरशासमोर दाढी करायला उभा राहिला आणि अर्धीच करून आला.

पण पेटी मात्र सुधारत होती. हळूहळू लाकूड प्यायला लागलं. काटा उठला, चढला, आणि सत्तरच्या जरा खाली येऊन थांबला तो थांबलाच. त्यानं नाक आत घालून हुंगलं. नुसतं लाकूड. त्याला वाटलं, झालं. सिगारी सुधारतील, बाबा गोष्टी सांगतील, सगळं विसरलं जाईल. पेटी काखोटीला मारून तो सासऱ्याच्या घरी निघाला.

दारात हातगाडी उभी. शिवणवर्गाच्या बाई आणि दोन हमाल. सासूबाईंचं मशीन खिडकीपासून हललं होतं, खाली जमिनीवर पायांच्या जागी चार फिकट चौकोन. लेक डोळे पुसत चिठ्ठ्या गोळा करत होती. लिफ्टवालाही आलेला.

"काय चाललंय?" गळतीवाल्यानं विचारलं.

"देऊन टाकतेय," सासूबाई म्हणाल्या. अगदी शांतपणे, जुनं पातेलं द्यावं तसं. "वर्गातल्या मुली शिकतील. लोकांचे कपडे बिघडवण्याआधी थांबलेलं बरं. ज्या बाईला आपण काय पुसलं ते आठवत नाही, तिनं मापं डोक्यात ठेवू नयेत."

"मी पुष्कळ सांगितलं," दारवान म्हणाला. मिशी खाली आली होती त्याची. "ऐकत नाही. म्हणते, जावयानं बघितलंय." मग काखेतली पेटी त्याला दिसली. "झाली का हो? आणा इकडे! बघा रे, केली पोरानं नीट!"

सगळ्यांनी मान डोलावली. लिफ्टवाला म्हणाला, "असा जावई वरच्या मजल्यावर ठेवला पाहिजे." हमालांनी मशीन उचललं. एक पाय उंबऱ्याला अडकला. "जरा तिरपं करा," सासूबाई म्हणाल्या, "त्याचा डावा पाय थोडा आखूड आहे, मी खाली पुठ्ठा घालत होते." इतकं आठवत होतं बाईला. मशीनच्या पायाखालचा पुठ्ठासुद्धा.

गळतीवाला उंबऱ्यातच बसला. मशीन पुढे, हा मध्ये, हमाल वैतागलेले. "ओ साहेब, बाजूला व्हा की!"

"ते मी केलं," तो म्हणाला.

"काय केलं?" लेक म्हणाली.

"पेटीला. आतून वॉटरप्रूफिंगचा हात मारला. दोन हात मारले. कागद वाचला नाही, टाकून दिला. आईंनी काही पुसलं नाही. आईंनी त्या पेटीच्या आत बोटसुद्धा लावलं नाही." श्वास घ्यायला थांबला. सगळ्यात अवघड ते अजून राहिलं होतं. "आणि आईंनी मला विचारलं, तेव्हा मी खोटं सांगितलं. तुम्हाला आठवत नव्हतं आई, कारण ते झालंच नव्हतं. तुमचं बरोबर होतं."

हमालांनी मशीन खाली ठेवलं. शिवणवर्गाच्या बाई आपल्या पायांकडे बघायला लागल्या. दारवानानं पेटी घेतली होती ती टेबलावर ठेवली, झाकण न उघडता. लेकीनं गोळा केलेल्या चिठ्ठ्या तिच्या मुठीत चुरगळल्या. गळतीवाल्याला वाटलं, आता कुणी दोन थोबाडीत मारल्या तर किती बरं होईल. कुणी मारल्या नाहीत.

मग सासूबाई चष्मा सारखा करत त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, सगळ्या गावाच्या भिंती सुकवल्यात, आणि माझ्या डोक्यात तेवढी ओल सोडून दिलीत!" लिफ्टवाला फसकन हसला, मग लेक रडता रडता हसली, मग दारवानाची मिशी हलली, आणि कोंडलेली हवा सुटली.

मशीन गळतीवाल्यानं स्वतः उचलून खिडकीशी नेलं. एकट्यानं. चारी पाय त्या चार चौकोनांवर ठेवले, डाव्याखाली पुठ्ठा घातला. हातगाडी रिकामी परत गेली. सासूबाईंनी चिठ्ठ्या लेकीकडून घेतल्या, एकदा चाळल्या, म्हणाल्या, "सगळी बरोबर आहेत," आणि टोपलीत टाकल्या. दूध ठेवलं गॅसवर आणि मशीनवर येऊन बसल्या.

सिगारींना लागलेला लेपाचा वास बराचसा उडाला. फक्त विमानवाल्याची एक भिंतीला टेकलेली होती, तिनं तो वास धरला तो धरलाच. दारवानानं ती फेकली नाही. पेटीत एका कोपऱ्यात वेगळी ठेवली. रविवारी गोष्टी सांगताना तिच्याजवळ आला की बोट तिच्यावरून पुढे न्यायचा, आणि जावई समोर असला तर खाली बघायचा. जावईही खाली बघायचा. पेटीतला स्पंज दर सोमवारी सासूबाईच भिजवायच्या. काटा बघावा लागायचा नाही त्यांना.

पुढे काही दिवसांनी गळतीवाल्याला एक शर्ट शिवून आला. माप न घेता. खांद्यात, बाहीत, गळ्याशी, कुठे सुताचाही फरक नाही. आजतागायत तो शर्ट घालतो तेव्हा वरचं बटण लावताना त्याचे कान लाल होतात.

आता एवढं ऐकलंत, तर एक कबूल करते. छत्र्या मिशीला अडकवायचे ते खरं आहे. फोनवरून ओल ओळखली तेही खरं. पण सासूबाईंचं ते वाक्य, भिंती सुकवल्या आणि डोक्यात ओल सोडली, ते मी घातलंय. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि वाकून त्याच्या गुडघ्याला चिकटलेला दोरा काढून टाकला. हसलं कुणीच नाही. दर वेळी सांगताना मी तिथं येते, आणि ती शांतता मला काही केल्या सांगवत नाही, म्हणून आपलं त्यांच्या तोंडात एक वाक्य देते.

कवळी? ती कधीच काढून ठेवलीय मी. तुमचं लक्ष नव्हतं.